ट्रायल चालवायची तर डॉक्टरांनी बायोस्टॅटिस्टिक्स किती आणि कसं शिकावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: भूलशास्त्रात एमडी होऊन चार वर्षं झाली, मोठ्या शैक्षणिक रुग्णालयात नोकरी आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी दोन औषधांची तुलना करणारी रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं असा प्रयोग) पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर चालवायची आहे. विभागप्रमुख म्हणाले, आधी प्रशिक्षण घ्या. समोर तीन पर्याय आहेत: जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल चालवण्याचे नियम) एक-दोन दिवसांचं प्रमाणपत्र, सहा महिन्यांचा बायोस्टॅटिस्टिक्सचा (वैद्यकीय संख्याशास्त्राचा) ऑनलाइन कोर्स किंवा दोन वर्षांची पदवी. विश्लेषणासाठी एसपीएसएस हे सॉफ्टवेअर शिकू की आर, हेही विचारलंय. आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं, ‘प्रत्येक गटात ३० रुग्ण पुरतील ना?’

मी वीसेक वर्षं ट्रायल्सची स्टॅटिस्टिशियन म्हणून काम करते आणि डॉक्टरांना हा विषय शिकवतेही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. कोर्स कोणता हे त्यावरूनच ठरेल. ३० कुठून आले असं मी विचारते तेव्हा बहुतेक जण सांगतात, ‘सीनियरच्या थिसिसमध्ये होते’ किंवा ‘३०च्या वर गेलं की नॉर्मल वितरण धरतात ना’. पहिल्याला कारण म्हणता येत नाही आणि दुसऱ्याचा तुमच्या ट्रायलला किती रुग्ण लागतील याच्याशी काडीचा संबंध नाही. हा आकडा काढण्याआधी काय काय ठरवावं लागतं आणि त्यातलं डॉक्टरने काय ठरवायचं, स्टॅटिस्टिशियनने काय, एवढं ज्या प्रशिक्षणातून कळेल ते तुमच्या कामाचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. संस्थेत स्टॅटिस्टिशियन आहे का, आणि असला तरी त्याला ट्रायल्सचा अनुभव आहे की फक्त सर्वेक्षणांचा? ही एकच ट्रायल करून परत ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंय, की पुढची दहा वर्षं संशोधन करायचंय? दोन्ही औषधं आधीपासून वापरात आहेत की त्यातलं एक नवीन आहे? नवीन असेल तर परवानग्या, विमा, सुरक्षिततेची देखरेख हे सगळं इतकं वाढतं की पहिल्या ट्रायलसाठी मी तो विषयच घेऊ देणार नाही. पुढे लिहिताना मी असं धरते आहे की औषधं नेहमीची आहेत, केंद्र एकच आहे आणि तुम्हाला ही ट्रायल नीट पूर्ण करायची आहे.

जीसीपीचं आधी उरकून टाकते. ते कराच, त्यात पर्याय नाही. संमती कशी घ्यायची, दुष्परिणाम कुणाला आणि किती वेळात कळवायचे, कोणता कागद जपायचा, जबाबदारी कुणाची, हे त्यात असतं. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची मूळ मार्गदर्शक तत्त्वं १९९६ची, दुसरी सुधारणा २०१६ची आणि तिसरी जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली. त्यामुळे कोर्स कोणत्या आवृत्तीवर बेतलेला आहे ते बघून घ्या. आणि प्रमाणपत्र तुमच्या एकट्याचं पुरत नाही. रात्री दोन वाजता वेदनांक विचारणारी नर्स आणि सकाळी घाईत संमतीपत्रावर सही घेणारा रेसिडेंट, ट्रायल खरं तर हे दोघं चालवतात. त्यांना त्या कोर्सला बसवा. पण जीसीपी वाहन चालवण्याच्या परवान्यासारखं आहे. जायचं कुठे आणि त्या गावाला रस्ता आहे का, हे परवाना सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. बायोस्टॅटिस्टिक्स कोरडं शिकलं तर टिकत नाही. टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, अनोव्हा या टेस्टच्या क्रमाने सहा महिने शिकून आलेले डॉक्टर वर्षभराने माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना नावं आठवतात, पण स्वतःच्या ट्रायलमध्ये निर्णय घ्यायची वेळ आली की हात थांबतो. याउलट स्वतःचा अर्धाकच्चा प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) घेऊन चार दिवसांच्या कार्यशाळेला आलेला माणूस कितीतरी पुढे जातो, कारण त्याची प्रत्येक शंका खरी असते. म्हणून मी शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी एकही सूत्र लिहीत नाही. प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं: कोणते रुग्ण, काय देणार, कशाशी तुलना, काय मोजणार, केव्हा मोजणार, कोण मोजणार. मग त्या पानावरून पेपरमध्ये छापायचे तक्ते काढायचे, रिकामे. रकान्यांची नावं लिहायची, आकड्यांच्या जागा कोऱ्या ठेवायच्या. हा खेळ पोरकट वाटतो. पण मी पाहिलेल्या निम्म्याअधिक चुका त्या कोऱ्या चौकोनांत सापडल्या आहेत.

एक उदाहरण तुमच्याच विषयातलं आहे. एका डॉक्टरांनी ६० रुग्णांची ट्रायल पूर्ण करून एक्सेलची फाइल मला पाठवली. मुख्य परिणाम होता ‘२४ तासांनंतरचा वेदनांक’. फाइल उघडली तर ६०पैकी २३ जणांचाच आकडा भरलेला. विचारलं तर म्हणाले, बाकीचे त्याच दिवशी संध्याकाळी घरी जायचे. म्हणजे जे थांबले ते का थांबले? बहुतेकांना वेदना जास्त होती म्हणूनच. उरलेल्या २३ जणांवरून औषधांबद्दल काही बोलणं शक्य नव्हतं आणि कोणतीही टेस्ट लावून ते शक्य होणार नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसला प्रकार. प्रोटोकॉल लिहितानाच रिकाम्या तक्त्यात ‘२४ तास, संख्या = ?’ एवढं लिहिलं असतं तर वॉर्डातल्या कुठल्याही नर्सने चूक सांगितली असती. त्यासाठी बायोस्टॅटिस्टिक्स येण्याचीही गरज नव्हती.

तुमच्या विषयात याहून अवघड एक गाठ आहे, आणि कोणताही सहा महिन्यांचा सर्वसाधारण कोर्स ती सोडवून देत नाही. वेदना वाढली की रुग्णाला तुम्ही रेस्क्यू (तातडीचं जादा वेदनाशामक) म्हणून मॉर्फिनसारखं ओपिऑइड देणारच. न देणं अमानुष ठरेल. पण ज्या गटातलं औषध कमी पडतं त्या गटाला रेस्क्यू जास्त मिळतं, आणि रेस्क्यू मिळालं की त्यांचा वेदनांक खाली येतो. शेवटी दोन्ही गटांचे आकडे सारखेच दिसतात आणि तुम्ही लिहिता, ‘दोन्ही औषधं समान’. मग मोजायचं काय? रेस्क्यू घेतलेल्यांचा आकडा तसाच धरायचा? रेस्क्यूच्या आधीचा शेवटचा धरायचा? रेस्क्यू लागणं हेच अपयश मानायचं? की २४ तासांत लागलेली ओपिऑइडची एकूण मात्रा हाच मुख्य परिणाम ठेवायचा? चारही पर्यायांना अर्थ आहे, पण प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आयसीएचने २०१९ मध्ये ई९ला, म्हणजे ट्रायलच्या संख्याशास्त्रावरच्या तत्त्वांना, जी पुरवणी जोडली ती याचसाठी. त्यात याला ‘एस्टिमँड’ असं नाव आहे. शब्द अवजड असला तरी मतलब साधा आहे: मधेच असं काही घडलं तर ते कसं मोजायचं, हे घडायच्या आधी लिहून ठेवा. यातला कोणता प्रश्न रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा, हे मी ठरवू शकत नाही. ते तुम्हीच ठरवायचं. एकदा ठरवलंत की पुढचं विश्लेषण मी नीट बसवून देऊ शकते. डॉक्टर आणि स्टॅटिस्टिशियन यांच्या कामाची वाटणी ही अशी असते.

आता ३०कडे वळू. समजा मुख्य परिणाम ० ते १० असा वेदनांक आहे आणि आधीच्या नोंदींवरून त्याचं स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) २.५ च्या आसपास आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि दोन्ही बाजूंनी मिळून ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरला तर एक तोंडी हिशेब आहे: स्टँडर्ड डिव्हिएशनला फरकाने भागा, वर्ग करा, १६ने गुणा. तेवढे रुग्ण एका गटात. तुम्हाला २ अंकांचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक गटात २५. १ अंकाचा पकडायचा असेल तर १००. फरक निम्मा केला की रुग्ण चौपट होतात, आणि नवख्या माणसाला पहिला धक्का बसतो तो इथेच.

उलट बाजूने पाहा. प्रत्येक गटात ३० ठेवले तर याच गृहीतकांवर तुम्ही साधारण १.८ अंकांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडू शकाल. तुमच्या दोन औषधांत एवढा फरक असेल असं तुम्हाला मनापासून वाटतं का? वाटत असेल तर ३० पुरतील. पण दोन्ही औषधं चालणारी आहेत आणि खरा फरक १ अंकाचाच आहे असं समजा. मग ३०-३० रुग्णांत तो सापडण्याची शक्यता तीनात एक. दोनदा तुम्ही ‘फरक नाही’ असं लिहाल आणि तिसऱ्यांदा, जेव्हा पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली येईल तेव्हा, छापलेला फरक किमान १.३ असेल, कारण एवढ्या कमी रुग्णांत त्याहून लहान फरक त्या रेषेच्या पलीकडे जातच नाही. म्हणजे लहान ट्रायल हुकली तरी चुकीचं सांगते आणि लागली तरी फुगवून सांगते. पहिल्या चुकीबद्दल सगळे कोर्स बोलतात. दुसरीबद्दल फार कमी. कोर्स निवडताना हीसुद्धा एक कसोटी लावून बघा.

या हिशेबात स्टँडर्ड डिव्हिएशन कुठून आणायचं? शक्यतो स्वतःच्या वॉर्डातल्या जुन्या नोंदींतून किंवा तशाच रुग्णांवरच्या आधीच्या ट्रायल्समधून. आणि फरक किती धरायचा? इथे बरेच जण आधीच्या पेपरमध्ये आलेला फरक उचलतात. तो, वर सांगितलं तसा, फुगलेला असू शकतो. मी डॉक्टरांना विचारते, ‘किती फरक पडला तर तुम्ही उद्यापासून औषध बदलाल? रुग्णाला जाणवेल असा किती?’ यावर कधी कधी बराच वेळ शांतता पसरते. ती पसरू द्यावी. मी तोंड उघडून आकडा सुचवला की तो माझा आकडा होतो.

परिणाम हो-नाही स्वरूपाचा असेल, उदाहरणार्थ उलटी झाली की नाही, तर संख्या आणखी वाढते. २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलेलं प्रमाण पकडायला याच पॉवरने प्रत्येक गटात २००च्या आसपास लागतात. आणि सुरक्षिततेबद्दल एक छोटा हिशेब कायम लक्षात ठेवा: ३० रुग्णांत गंभीर दुष्परिणाम एकही दिसला नाही, तर खरं प्रमाण ० आहे असं नव्हे, ते १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३ला रुग्णसंख्येने भागायचं, ही त्या वरच्या मर्यादेची सोपी रीत. ‘औषध सुरक्षित आढळले’ असं ३० जणांवरून लिहिणाऱ्यांना मी हा भागाकार करायला लावते.

मग व्यवहार. १००मध्ये १० टक्के गळती धरा, प्रत्येक गटात ११२, एकूण २२४. तुमच्या थिएटरच्या रजिस्टरमध्ये त्या शस्त्रक्रिया आठवड्याला आठ होत असतील, त्यातले निम्मे निकषांत बसत असतील आणि त्यांतले निम्मे संमती देत असतील, तर आठवड्याला दोन रुग्ण. ११२ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून जास्त. लुई लसान्या या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने ट्रायलवाल्यांत एक विनोदी नियम सांगितला जातो: अभ्यास सुरू झाला की त्या आजाराचे रुग्ण गायब होतात आणि अभ्यास संपला की परत येतात. विनोद सोडा, पण रजिस्टर उघडून मागच्या सहा महिन्यांची मोजणी करणं हा माझ्या प्रशिक्षणातला गृहपाठ असतो. हा आकडा बघून काही जण दुसऱ्या रुग्णालयाला सोबत घेतात, काही प्रश्न बदलतात आणि काही प्रामाणिकपणे ‘ही पायलट ट्रायल आहे’ असं लिहितात. तिन्ही चालेल. फक्त पायलट म्हटलंत तर औषधांच्या परिणामावर निष्कर्ष काढू नका. रुग्ण मिळतात का, नोंदींचे फॉर्म भरले जातात का, कुणाला कोणतं औषध मिळतंय हे शेवटपर्यंत लपून राहतं का, एवढंच तपासा.

रँडमायझेशनबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण ते सोपं समजून सगळे पुढे सरकतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षयाचे १०७ रुग्ण. औषध आणि विश्रांती मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ गेले, नुसत्या विश्रांतीच्या ५२ जणांपैकी १४. ती आजही शिकवली जाते ती या आकड्यांपेक्षा पाकिटांसाठी. त्याआधी एक इकडे, एक तिकडे अशी आळीपाळीने वाटणी व्हायची आणि पुढचा रुग्ण कुठे जाणार हे डॉक्टरला आधीच माहीत असायचं. त्या ट्रायलचे स्टॅटिस्टिशियन ब्रॅडफर्ड हिल यांनी रँडम आकड्यांवरून क्रम काढून तो बंद पाकिटांत ठेवला. त्यामागे त्यांना सर्वात जास्त फिकीर होती ती हीच, की रुग्ण ट्रायलमध्ये घ्यायचा की नाही हे ठरवताना डॉक्टरला पुढची चिठ्ठी कळता कामा नये. संगणकाने काढलेली उत्तम यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली तर ती आळीपाळीइतकीच निकामी.

मी स्वतः पाहिलेल्या एका ट्रायलमध्ये पाकिटं होती, पण पातळ कागदाची. ती दिव्यासमोर धरली की आतलं अक्षर दिसायचं. लबाडीचा हेतू कुणाचाच नव्हता. एका रेसिडेंटला फक्त असं वाटायचं, की या आजींना जास्त दुखणार, यांना चांगलं औषध मिळू दे. दुसऱ्या ठिकाणी चार-चारचे ठरलेले ब्लॉक होते (दर चार रुग्णांत दोन-दोन अशी वाटणी) आणि औषधाच्या रंगावरून गट कळायचा. तीन रुग्ण झाले की चौथा कोण, हे चहावाल्या पोऱ्यालाही सांगता आलं असतं. तेव्हापासून कार्यशाळेत मी दोन गट करते: एका गटाने वाटणीची पद्धत तयार करायची, दुसऱ्याने ती फोडून दाखवायची. फोडणारे नेहमी जिंकतात. त्या एका तासात जे शिकून होतं ते व्याख्यानाने होत नाही.

विश्लेषणाच्या भागात शिकण्यासारखं खूप आहे, पण पहिल्या ट्रायलला तुम्हाला स्वतः करावं लागणारं फारसं नाही. दोन गोष्टी मात्र अंगात भिनायला हव्यात. एक, ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजायचं, त्याने औषध घेतलेलं असो वा नसो. ‘ज्यांनी नीट घेतलं त्यांनाच मोजू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या ट्रायलचा १९८० साली प्रसिद्ध झालेला आकडा बघा: प्लासिबो गटात ज्यांनी ८० टक्के किंवा जास्त कॅप्सूल घेतल्या त्यांच्यात पाच वर्षांतला मृत्युदर १५ टक्के, ज्यांनी कमी घेतल्या त्यांच्यात २८ टक्के. त्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतंच! नियमित गोळ्या घेणारी माणसं मुळातच वेगळी असतात. दुसरी गोष्ट उपगटांची, म्हणजे वय, लिंग असे तुकडे पाडून फरक शोधत राहण्याची. काहीच फरक नसताना २० स्वतंत्र टेस्ट केल्या तर निदान एक तरी ०.०५च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. हृदयविकाराच्या झटक्यात अॅस्पिरिन तपासणाऱ्या आयसिस-२ ट्रायलमध्ये १७,०००हून जास्त रुग्ण होते आणि फायदा निःसंशय होता. तरी संशोधकांनी १९८८च्या पेपरमध्ये मुद्दाम राशींनुसार फोड करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही. उपगटाचा मोह झाला की मी डॉक्टरांना त्यांची रास विचारते.

डेटाबद्दल फार लिहीत नाही, फक्त चिडचिड करते. रिकामी चौकट, ० आणि आडवी रेघ या तिन्हींचा अर्थ एकाच फाइलमध्ये कधी ‘वेदना नाही’ आणि कधी ‘विचारलंच नाही’ असा असू शकत नाही. ‘विचारलं नाही’साठी वेगळा कोड ठेवा. संस्थेत रेडकॅप (ट्रायलची माहिती भरायचं सॉफ्टवेअर) असेल तर तेच वापरा. मर्यादा घालून ठेवल्या तर त्याबाहेरचा आकडा भरताना ते तिथल्या तिथे इशारा देतं.

एसपीएसएस की आर? ज्याच्यात तुमच्या शेजारी बसणारं कुणीतरी मदत करू शकेल ते. कुणीच नसेल तर जॅमोव्ही घ्या. ते मोफत आहे, आतून आरवरच चालतं आणि माउसने काम होतं. अट एकच: केलेलं विश्लेषण आज्ञांच्या स्वरूपात जपून ठेवता आलं पाहिजे, म्हणजे सहा महिन्यांनी परीक्षकाने शंका काढली तर तेच पुन्हा चालवून दाखवता येईल.

आता तुमचे पर्याय. जीसीपी आत्ताच. दोन वर्षांची पदवी आत्ता नको. पुढे संशोधन हेच काम करायचं ठरलं तर जरूर करा, लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची क्लिनिकल ट्रायल्समधली एमएससी दूरशिक्षणाने नोकरी सांभाळून करता येते. पण ती एक तरी ट्रायल हाताखालून गेल्यावर करण्यात मजा आहे. सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल माझं मत त्याचा अभ्यासक्रम बघून ठरेल. पहिले चार आठवडे सरासरी, मध्यक आणि टेस्टच्या याद्यांचे असतील आणि ट्रायलची आखणी शेवटच्या आठवड्यात उरकली असेल तर सोडून द्या. स्वतःचा प्रोटोकॉल लिहून तो तपासून मिळणार असेल तर पैसे सार्थकी लागतील. फार पैसे घालवायचे नसतील तर कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर जॉन्स हॉपकिन्सचा ट्रायल्सची आखणी आणि अर्थ लावण्यावरचा कोर्स आहे, तो ऐकत ऐकत स्वतःचं पान लिहा. सोबत स्पिरिट २०२५ची ३४ कलमांची यादी ठेवा. प्रोटोकॉलमध्ये काय असावं याची ती यादी आहे आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकांइतकीच शिकवून जाते.

आणि स्टॅटिस्टिशियन शोधा, आत्ताच, एथिक्स कमिटीकडे अर्ज जाण्याआधी. ‘जरा सॅम्पल साइझ काढून द्या’ असं सांगून पाच मिनिटांत उठू नका. तुमचं एक पान आणि रिकामे तक्ते घेऊन तासभर बसा. काम बरोबरीने केलं तर पेपरवर नाव बरोबरीने द्या, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या. या गोष्टी नंतर काढल्या की संबंध बिघडतात. मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी व्हायलाच हवी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती २००५पासून ही अट लावते आणि मागाहून केलेली नोंदणी कुणी ऐकून घेत नाही.

थोडक्यात तुमचा क्रम असा: या आठवड्यात थिएटरचं रजिस्टर मोजा आणि एक पान लिहा. महिन्याभरात तुमचं आणि चमूचं जीसीपी. त्याच दरम्यान स्टॅटिस्टिशियनबरोबर पहिली बैठक, रेस्क्यूचं काय करायचं हा पहिला विषय. मग प्रोटोकॉल लिहिता लिहिता कोर्स. ३० की १०० हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपोआप समोर येईल.

त्याआधी घाई असेल तर इथेच तीन गोष्टी लिहा: मुख्य परिणाम कोणता आणि कितव्या तासाला मोजणार, तुमच्या वॉर्डात किती जणांना रेस्क्यू लागतं, आणि किती अंकांचा फरक पडला तर तुम्ही औषध बदलाल. रुग्णसंख्येचा हिशेब मी मांडून दाखवते.